‘सायक्लोन’चं जन्मगाव कोलकाता

‘सायक्लोन’ हा शब्द इंग्रजी खरा, पण तो घडला कोलकात्यात. त्याचा कर्ता हेन्री पिडिंग्टन व्यापारी जहाजांवरचा कप्तान होता. पुढे तो बंगालमध्ये स्थायिक झाला आणि वादळात सापडलेल्या जहाजांची लॉगबुकं गोळा करण्याच्या नादाला लागला. १८३९पासून त्याचे वादळांवरचे लेख एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात येऊ लागले.

१८४५ साली मॉरिशसजवळ ‘चार्ल्स हेडल’ नावाचं जहाज वादळात अडकलं. वारा नेईल तिकडे ते पाच दिवस धावत राहिलं. पिडिंग्टनने त्याचं लॉगबुक नकाशावर मांडलं, तर जहाज एकाच केंद्राभोवती घिरट्या घालत होतं!

‘गेल’, ‘स्टॉर्म’ हे शब्द वाऱ्याचा जोर सांगत, त्याचं फिरणं सांगत नसत. म्हणून त्याने ग्रीक ‘कुक्लोस’वरून नवा शब्द घडवला. कुक्लोस म्हणजे वर्तुळ, तसंच सापाचं वेटोळंही. वादळाचं वर्तुळ अगदी नेमकं असतं असा आपला दावा नाही, हे तो आवर्जून सांगे. ही सावधगिरी मला त्या शब्दाइतकीच मोलाची वाटते. हवा कमी दाबाच्या केंद्राकडे निघते, पृथ्वीच्या फिरण्यामुळे बाजूला वळते आणि समुद्राच्या पृष्ठभागाशी घर्षण होऊन वेटोळं घेत आत शिरते. वेटोळंच ते!

१८४८च्या ‘सेलर्स हॉर्न-बुक’ या पुस्तकात हा शब्द आला. हॉर्न-बुक म्हणजे शिंगाचा पातळ पत्रा लावलेली मुलांची अंकलिपी. पिडिंग्टनच्या पुस्तकासोबतही शिंगाचे दोन पारदर्शक पत्रे मिळत. एक उत्तर गोलार्धासाठी, दुसरा दक्षिणेसाठी, कारण तिथे वादळ उलटं फिरतं. पत्र्यावर वाऱ्याचे बाण कोरलेले. कप्तानाने तो नकाशावर ठेवायचा आणि आपल्या जहाजावरचा वारा बाणाशी जुळेपर्यंत सरकवायचा, की वादळाचं केंद्र कुठे आहे ते कळे.

शब्द जगाने उचलला. सल्ला मात्र सरकारने कानाआड केला. कोलकात्याच्या दक्षिणेला मातला नदीवर नवं बंदर उभारायचं घाटत होतं. १८५३ साली पिडिंग्टनने थेट गव्हर्नर जनरल डलहौसीला लिहून बजावलं, की सायक्लोनसोबत येणारी समुद्राची लाट ही जागा बुडवील. तरी पोर्ट कॅनिंग उभं राहिलंच. १८५८ साली पिडिंग्टन वारला. १८६७च्या वादळात पाणी बंदरात घुसलं आणि पुढच्या काही वर्षांतच तिथला गाशा गुंडाळावा लागला.