‘ते नंतर बघू’

“मॅडम, आमचं सगळं ठरलंय, फक्त कागद करायचेत,” असं सांगत नवरा-बायको माझ्या शिवाजीनगरच्या ऑफिसात येतात. ठरलेलं असतं ते एवढंच, की यापुढे एकत्र राहायचं नाही. फ्लॅट, कर्ज, लॉकरमधलं सोनं, मुलाची फी याबद्दल विचारलं की उत्तर येतं, “ते नंतर बघू.” मी पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयात वकिली करते. परस्पर संमतीचे बहुतेक घटस्फोट मी या ‘नंतर’पाशीच अडकलेले पाहते.

हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब प्रमाणे किमान वर्षभर वेगळं राहिलेल्या दोघांनी मिळून अर्ज करायचा आणि सहा महिन्यांनंतर, पण १८ महिन्यांच्या आत, पुन्हा कोर्टापुढे यायचं. हे सहा महिने माफ होऊ शकतात, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१७ साली अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर या खटल्यात सांगितलं. लोकांच्या कानावर तेवढंच पडलेलं असतं. पोटगी, मुलांचा ताबा आणि बाकीचे वाद खरोखर मिटलेले हवेत, ही अटही त्याच निकालात आहे. पैशांचं घोंगडं भिजत ठेवून ही सवलत मिळत नाही.

सगळ्यात जास्त रखडवतो तो फ्लॅट. माझ्या एका अशिलाचा वाकडला टू बीएचके होता, कर्ज दोघांच्या नावावर, हप्ता ३४ हजार. फ्लॅट पत्नीला, उरलेले हप्तेही तीच भरणार, असं संमतीच्या अटींत लिहून दोघांनी सह्या केल्या. मग ती बँकेत गेली. तिचा पगार होता ५२ हजार. एकटीच्या पगारावर एवढं कर्ज बसत नाही, त्यामुळे नवऱ्याचं नाव काढता येणार नाही, असं बँकेनं लेखी कळवलं. नवरा-बायकोच्या समझोत्यात बँक पक्षकार नसते. तिच्या लेखी दोघंही पूर्ण कर्जाचे देणेकरी. तिनं हप्ता चुकवला तर त्याचाही सिबिल स्कोअर घसरणार, त्यानं दुसरं घर घ्यायचं म्हटलं तर हे कर्ज आडवं येणार. पुढच्या तारखेला तो आलाच नाही. हुकूमनामा होईपर्यंत दोघांपैकी कुणीही संमती मागे घेऊ शकतं, हे सुरेष्टा देवी खटल्याच्या १९९१ च्या निकालात स्पष्ट केलेलं आहे. मला त्या माणसाचा राग आला नाही; त्याची भीती रास्त होती. शेवटी तिचे वडील सहकर्जदार झाले, बँकेचं मंजुरीपत्र आलं आणि मगच प्रकरण हललं.

त्यानंतरही हक्कसोडपत्राची नोंदणी आणि मुद्रांक शुल्क राहतंच. तो खर्च कुणी करायचा हे अटींत लिहिलेलं नसेल, तर त्यावरून नवं भांडण.

एकरकमी पोटगीचा डीडी तीन महिनेच चालतो. न्यायाधीश रजेवर गेले, तारीख पुढे पडली, की फाइलमधला डीडी बाद होतो आणि पुन्हा बँकेची पायरी चढावी लागते. म्हणून तो तारखेच्या आठवड्यातच काढावा.

पोटगीच्या दाव्यात दोघांनी मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र द्यायचं, हे रजनेश विरुद्ध नेहा या २०२० च्या निकालानं बंधनकारक केलं. मी तो तक्ता संमतीच्या प्रकरणातही पहिल्याच भेटीत दोघांकडून भरून घेते. काहींना तो अविश्वास वाटतो. मला मात्र आकडे समोर असल्याशिवाय दिलेली संमती अर्धवट वाटते, विशेषतः ज्या बायकांनी कधी बँकेचं पासबुकही पाहिलेलं नसतं त्यांच्या बाबतीत.

आणखी एक गोष्ट सहसा कुणी विचारत नाही, म्हणून मीच सांगते. हुकूमनामा होईपर्यंत लग्न कायम असतं. मधल्या काळात दोघांपैकी एकाचा मृत्युपत्र न करता मृत्यू झाला, तर दुसरा कायदेशीर वारस ठरतो, मग अर्ज कितीही पुढे गेलेला असो. तेव्हा कर्जखात्याचा उतारा घेऊन आधी बँकेत जाऊन या, आणि अर्जावर सही कराल त्याच आठवड्यात मृत्युपत्रही करा.