घंटागाडीचे पैसे कशाचे? वजनाचे की कामाचे?

या आठवड्याचा एपिसोड ऐकायला वेळ मिळाला नसेल, तर त्यातला मुद्दा इथे लिहून देतोय.

आपण ओला-सुका वेगळा करून देतो आणि घंटागाडीत सगळं एकत्र पडतं. आधी मला वाटायचं, गाडीवरच्या भाऊंचा आळस. मग कळलं, खरी गोम करारात असते.

पीपीपी म्हणजे सरकारी-खासगी भागीदारी. महापालिका जागा आणि कचरा देते, ठेकेदार गाड्या, माणसं, मशीन आणतो. मोबदला बऱ्याचदा टनामागे ठरतो. म्हणजे काट्यावर वजन जास्त, तर बिल जास्त. आता बघा, केळीच्या ओल्या साली जड, माती आणि राडारोडा त्याहून जड. प्लास्टिक, पुठ्ठा वेगळा काढून भंगारात दिला, तर वजन घटतं. मग वेगळं काढायची घाई कोणाला असणार?

पुढचा घोळ खताचा. खत विकून प्रकल्प चालेल, असा हिशोब मांडतात. पण मिक्स कचऱ्याच्या खतात काच आणि प्लास्टिकचे तुकडे येतात. असं खत आपला केळीवाला शेतकरी बागेत टाकेल का? विक्री नाही, तर प्रकल्प अडकतो आणि कचरा साचत जातो. जळगावात आव्हाण्याच्या शिवारात खासगी कंपनीने चालवलेला प्रकल्प बंद पडला आणि मागे कचऱ्याचे ढीग राहिले. धुळेकरांना वरखेडी रोडचा डेपो वेगळा सांगायला नको.

दुसरी पद्धतही आहे. पुण्यात 2008 साली महापालिकेने ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेशी करार केला. तिथे घरोघरी कचरा घेणाऱ्या ताईंना घरामागे महिन्याचं शुल्क मिळतं, शिवाय सुका कचरा विकून आलेले पैसे त्यांचेच. म्हणजे जितकं नीट वेगळं, तितकी कमाई जास्त. तिथेही शुल्क, करार यावरून वाद होतात, पण पैसा योग्य कामाला जोडलेला आहे.

नियमांनुसार कचरा वेगळा करून देणं आपलं काम आहे, आणि तो वेगळाच नेणं महापालिकेचं. त्यामुळे नगरसेवक भेटले, की ‘गाडी का येत नाही’ एवढंच विचारू नका. ठेक्याचे पैसे कशावर मिळतात, मिक्स कचरा नेला तर दंड आहे का, हेही विचारा. उत्तर नाही मिळालं, तर माहिती अधिकारात कराराची प्रत मागा. पैसे शेवटी आपल्याच घरपट्टीतून जातात ना!