ठिपका राखाडी का होतो?

गेममधला खेळाडू उडी मारतो आणि जमिनीतून आरपार खाली जातो. नेमक्या त्या ओळीवर गेम थांबवून वेगाचा आकडा बघावा, म्हणून व्हीएस कोड या एडिटरमध्ये लाल ठिपका, म्हणजे ब्रेकपॉइंट, लावला जातो. लिनक्सवर मात्र गेम सुरू होताच हा ठिपका कधीकधी पोकळ, राखाडी होतो. गेम धावतोय, एडिटरला पत्ताच नाही.

एडिटर आणि गेम हे दोन वेगळे प्रोग्राम. गोदो या गेम इंजिनाच्या चौथ्या आवृत्तीत त्यांच्यातलं डीबगिंगचं बोलणं मूळ सेटिंगनुसार ६००७ या पोर्टवर चालतं, तर कोड लिहिताना मिळणाऱ्या सूचना ६००५ वरून येतात. पोर्टचा आकडा चुकला की दोघंही आपापल्या जागी वाट पाहत बसतात. (इंजिनाचं नाव बेकेटच्या नाटकावरून आलंय, तेव्हा तक्रार कुणाकडे करणार?)

एडिटर फ्लॅटपॅकमधून घेतला असेल, तर तो बंदिस्त खोलीत राहतो. सिस्टिमवर बसवलेलं डॉटनेट किंवा जीडीबी हा डीबगर त्याला आपोआप दिसत नाही.

खरी मेख सी प्लस प्लसमध्ये लिहिलेल्या गेममध्ये आहे. चालू गेमला जीडीबी जोडायला जावं, तर ‘परवानगी नाही’ असं उत्तर येतं. उबुंटूने २०१० मध्ये, १०.१० या आवृत्तीपासून, एका प्रोग्रामने दुसऱ्याच्या मेमरीत डोकावण्यावर बंधन घातलं. स्वतः सुरू केलेल्या प्रोग्रामपुरती मुभा ठेवली. पीट्रेस स्कोप ही सेटिंग १ वरून ० केली की अडसर दूर होतो, पण सुरक्षाही सैल पडते. त्यापेक्षा गेम डीबगरमधूनच सुरू करणं शहाणपणाचं.