गाडी 'कशी' बंद पडली?

गेली तीस वर्षं मी आळेफाट्याजवळ डिझेल गाड्या दुरुस्त करतो. रात्री-अपरात्री येणारे फोन बहुतेक एकाच वाक्याने सुरू होतात : "मिस्त्री, गाडी चालता चालता बंद पडली." मी लगेच विचारतो, "कशी बंद पडली?" पलीकडचा माणूस वैतागतो. बंद पडली म्हणजे पडली, त्यात 'कशी' काय? पण निम्मं निदान त्या उत्तरातच असतं. हे मी एका शेतकऱ्याचं नुकसान करून शिकलो. ती हकीकत पुढे येईलच.

आधी डिझेल इंजिन चालतं कसं, ते पाहू. पेट्रोलच्या इंजिनात प्लगची ठिणगी असते, डिझेलच्या इंजिनात ती नसते. रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ मध्ये जर्मनीत चालवून दाखवलेल्या इंजिनाचं तत्त्वच वेगळं आहे. पिस्टन सिलिंडरमधली हवा सोळा ते वीस पट दाबतो. त्या दाबाने हवा ५०० अंश सेल्सिअसच्या वर तापते. नेमक्या त्या वेळी नोझलमधून डिझेलचा फवारा येतो आणि आपोआप पेट घेतो. म्हणजे हवा, दाब आणि वेळेवर आलेलं डिझेल या तीन गोष्टी हव्यात. नव्या गाड्यांत फवारा कधी सोडायचा याचा हुकूम संगणक देतो, म्हणून वीज ही चौथी गोष्ट. इंजिन बंद पडलं, की या चारांपैकी एक कोणी तरी गैरहजर आहे, एवढंच आपल्याला शोधायचं असतं.

निदानाआधी जीव महत्त्वाचा. चालत्या पिकअपचं इंजिन बंद झालं, की ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम पंपही थांबतो. साठलेला व्हॅक्यूम दोन-तीन वेळा ब्रेक दाबेपर्यंतच पुरतो, मग पेडल दगडासारखं होतं. म्हणून ब्रेक पुन्हापुन्हा मारू नका, एकदाच दाबून धरा. पॉवर स्टिअरिंग जड होईल, पण वळेल. गाडी पूर्ण थांबेपर्यंत किल्ली बाहेर काढू नका, नाही तर स्टिअरिंग लॉक होईल. गाडी कडेला घ्या, हँडब्रेक ओढा, चाकांना दगड लावा. पुढचं सगळं नंतर.

आता तो प्रश्न. इंजिन साधारण तीन प्रकारे बंद पडतं. पहिला प्रकार, बटण दाबून दिवा मालवावा तसं, आधी काही न जाणवता. इथे संशय विजेवर घ्यायचा : फ्यूज, रिले, बॅटरीचं ढिलं टर्मिनल किंवा क्रँक सेन्सर. जुन्या गाड्यांतही पंपावर डिझेल तोडणारा एक सोलेनॉइड असतो. त्याची वायर निसटली तरी गाडी जागच्या जागी बंद. दुसरा प्रकार, आचके देत, ताकद सोडत बंद पडणं. हे डिझेल कमी पडल्याचं लक्षण. तिसरा प्रकार म्हणजे आवाज होऊन, झटका बसून किंवा काटा लालमध्ये जाऊन बंद पडणं. असं झालं तर इंजिनाच्या आत काही तरी तुटलं किंवा जाम झालं आहे असंच धरून चाला.

यानंतर सेल्फ मारून पाहायचा, पण एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त नाही, आणि मध्ये मिनिटभर विश्रांती. याला एक मोठा अपवाद आहे. गाडी साचलेल्या पाण्यातून जाताना बंद पडली असेल, तर किल्लीला हातच लावू नका. आधी एअर फिल्टर उघडा. तो ओला असेल तर सिलिंडरमध्ये पाणी गेलेलं असू शकतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. तशात सेल्फ मारला, की कनेक्टिंग रॉड वाकतो आणि हजारांचं काम लाखावर जातं. धक्का मारून गाडी सुरू करण्याचा नादही सोडा, कारण परिणाम तोच.

पाण्याचा प्रश्न नसेल तर सेल्फ मारून कान द्या. बॅटरी चांगली असूनही इंजिन फिरत नसेल तर ते जाम झालं आहे, तिथेच थांबा. इंजिन नेहमीची लय सोडून शिलाई मशीनसारखं भरभर, हलकं फिरत असेल तर दाब गेला आहे, बहुधा टायमिंग बेल्ट तुटला आहे. पुन्हा किल्ली फिरवलीत तर वाचलेले व्हॉल्व्हही पिस्टनवर आपटतील. आणि इंजिन नेहमीसारखं फिरत असेल, पण पेटत नसेल, तर मागे जाऊन सायलेन्सरकडे पाहा. पांढरट धूर येत असेल तर डिझेल आत पोचतंय, पण जळत नाही. धूर अजिबात नसेल तर डिझेलच पोचत नाही.

आता ती हकीकत. २०११ चा ऑगस्ट. नारायणगावहून साठ क्रेट टोमॅटो घेऊन वाशी मार्केटला निघालेली एक पिकअप रात्री अकराच्या सुमारास ओतूरच्या पुढे, माळशेज घाट लागायच्या आधी बंद पडली. गाडी जुन्या मेकॅनिकल पंपाची, चालवणारा स्वतः शेतकरी. तो म्हणाला, "आचके देत देत बंद पडली." मी फिल्टर बदलला, हातपंप मारून एअर काढली. गाडी सुरू झाली. चार किलोमीटरवर पुन्हा बंद. हातपंप परत मऊ लागत होता. तो म्हणाला, "दादा, दुसरी गाडी बघू का मालाला?" मी म्हणालो, "कशाला? दोन तासांत निघाल."

मी ठरवूनच टाकलं होतं की पंप गेला. पहाटे गाडी ओढून आणली, पंप उतरवला आणि पंप-नोझलच्या दुकानात नेला. दुपारी तिथल्या कारागिराने पंप चाचणीला लावून परत दिला : "पंपात काही नाही, मागे बघा." मागे पाहिलं, तर टाकीकडून येणाऱ्या रबरी होजला क्लिपच्या आत केसाएवढी चीर होती. किंमत काही रुपये. टोमॅटो मात्र उकाड्यात नरम पडले आणि मिळेल त्या भावात गेले.

चीर मला दिसली कशी नाही? कारण तिथून डिझेल गळत नव्हतं. टाकीपासून पंपापर्यंतच्या नळीत दाब नसतो, ओढ असते. तिथे भोक पडलं, की डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. जमीन कोरडी आणि हातपंप पुन्हापुन्हा मऊ, यातच उत्तर होतं. अशा वेळी एक सोपी परीक्षा आहे. स्वच्छ डिझेलचा कॅन घ्यायचा आणि पारदर्शक नळीने थेट पंपाला जोडायचा. गाडी नीट चालली तर पंप निर्दोष, दोष टाकी ते पंप या वाटेत. मग होज, फिल्टर, टाकीतली जाळी आणि टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक पाहायचं. ते भोक बुजलं तरी गाडी काही अंतरावर अशीच दम सोडते. झाकण उघडताना 'फुस्स' झालं तर समजावं. वीस मिनिटांची ही परीक्षा मी त्या रात्री केली नाही.

ही परीक्षा जुन्या पंपांसाठी. कॉमन रेल गाडीत नोझलचा पाईप ढिला करून डिझेल येतं का पाहण्याची जुनी सवय जिवावर बेतू शकते. तिथे दाब हजार बारच्याही वर जातो आणि ती धार कातडी फोडून हातात शिरते. या गाड्यांत सेल्फ मारताना आरपीएमचा काटा शून्यावरच राहिला, किंवा बंद पडलेली गाडी अर्ध्या तासाने थंड होऊन आपोआप सुरू झाली, तर क्रँक सेन्सरवर संशय घ्यावा. स्कॅनर जरूर लावावा, पण तो तक्रार कोणाची आहे ते सांगतो, दोषी कोण ते नाही. कोड आला म्हणून लगेच पार्ट विकत आणू नका. आधी वायर, कनेक्टर आणि फिल्टर तपासायला सांगा.

त्या शेतकऱ्याकडून मी मजुरी घेतली नाही. पण त्याच्या साठ क्रेटची भरपाई करण्याची ऐपत माझ्याकडे नव्हती, आणि त्याने ती मागितलीही नाही. तेव्हापासून माझ्या गॅरेजमध्ये खिळ्याला एक कॅन आणि पारदर्शक नळी टांगलेली असते. ती लावून पाहिल्याशिवाय कोणत्याही पोराने पंपाला पाना लावायचा नाही. तुमच्यावर असा प्रसंग आला, तर मिस्त्रीला तीन गोष्टी सांगा : गाडी कशी बंद पडली, सेल्फ मारल्यावर आवाज कसा येतो आणि धूर दिसतो का. आणि माल नाशवंत असेल तर आमच्या 'दोन तासांत निघाल'वर विसंबू नका. दुसरी गाडी आधी बोलवा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)