खुब्याच्या आकुंचक स्नायूंची दुखापत : वेदनाशमन आणि पुनर्बलप्राप्ती

कबड्डीच्या मैदानावर वारंवार घडणाऱ्या एका प्रसंगापासून प्रस्तुत विवेचनास आरंभ करणे सोयीचे होईल. ३० सेकंदांची चढाई संपत आलेली असते. चढाई करणारा खेळाडू मध्यरेषेकडे वळतो आणि त्याच क्षणी प्रतिपक्षातील कोणी त्याच्या मागे राहिलेल्या पायाचा घोटा पकडतो. धड पुढे झेपावलेले, हात मध्यरेषेकडे पसरलेले आणि पकडलेली मांडी मात्र मागे ओढली जात असलेली, अशा स्थितीत तो ती मांडी सर्व शक्तीनिशी पुढे खेचू पाहतो आणि एकाएकी त्याच्या जांघेत कळ येते. काही दिवसांत चालताना दुखेनासे होते, खेळाडू पुन्हा मैदानावर उतरतो आणि पुष्कळदा त्याच जागी तशीच कळ पुन्हा येते. पहिली दुखापत हा खेळाचा एक भाग मानता येईल. दुसरी मात्र बहुतांशी टाळता येण्याजोगी असते. ती का होते आणि कशी टाळावी, हाच या लेखाचा विषय होय.

मांडी पोटाकडे उचलण्याच्या क्रियेस खुब्याचे आकुंचन म्हणतात. ही क्रिया कोणा एका स्नायूची नव्हे. तीत प्रमुख वाटा इलिओसोअस या जोडस्नायूचा असतो. त्याचा सोअस मेजर हा भाग पाठीच्या शेवटच्या मणक्यापासून कमरेच्या पाचही मणक्यांच्या बाजूंस चिकटलेला असतो, तर इलिआकस हा भाग कटीच्या हाडाच्या आतील खोलगट पृष्ठभागावरून निघतो. दोन्ही एकत्र येऊन मांडीच्या हाडाच्या आतील बाजूस असलेल्या लहान उंचवट्यावर जोडले जातात. दुसरा महत्त्वाचा स्नायू रेक्टस फेमोरिस होय. तो खुब्याच्या सांध्याच्या वरून निघून गुडघ्याच्या वाटीमार्गे नडगीच्या हाडापर्यंत पोहोचतो. दोन सांधे ओलांडत असल्यामुळे तो मांडी उचलतो आणि गुडघाही सरळ करतो. साहजिकच मांडी मागे गेलेली व गुडघा वाकलेला असताना तो दोन्ही टोकांकडून ताणला जातो.

स्नायू आकुंचन पावत असतानाच बाह्य शक्तीने लांबविला गेला, तर त्याच्यावर सर्वाधिक भार येतो. घोटा पकडला गेलेल्या खेळाडूच्या बाबतीत नेमके हेच घडते. तंतू तुटतात ते बहुधा स्नायू आणि त्याची कंडरा यांच्या संधिस्थानी. थोडे तंतू तुटले व बल जवळजवळ कायम राहिले तर पहिली श्रेणी, बल स्पष्टपणे घटले तर दुसरी आणि स्नायू वा कंडरा पूर्ण तुटली तर तिसरी श्रेणी मानतात. सामान्यतः पहिल्या श्रेणीस एक ते तीन आठवडे, दुसरीस चार ते आठ आठवडे आणि तिसरीस काही महिने लागतात. या मुदती केवळ अंदाजाच्या आहेत, हे ध्यानात ठेवावयास हवे.

दुखापत कोणत्या स्नायूस झाली आहे, याचा अंदाज साध्या परीक्षणाने करता येतो. रुग्णास खुर्चीवर बसवून गुडघा वर उचलावयास सांगावे व त्यास हाताने विरोध करावा. या वेळी खोल जांघेत दुखले, तर संशय इलिओसोअसकडे जातो. पालथे निजवून टाच नितंबाकडे नेताना, किंवा विरोधाविरुद्ध गुडघा सरळ करताना मांडीच्या पुढील भागी दुखले, तर तो रेक्टस फेमोरिसकडे जातो. जांघेतील दुखण्यांची नावे भिन्न भिन्न अभ्यासक भिन्न अर्थांनी योजीत असल्यामुळे २०१४ मध्ये दोहा येथे तज्ज्ञांनी त्यांचे एक वर्गीकरण निश्चित केले. त्यात इलिओसोअसशी संबंधित वेदनेस स्वतंत्र स्थान दिलेले आहे.

तथापि जांघेतील प्रत्येक वेदना स्नायूची असते असे समजणे धोक्याचे आहे. दूर पल्ल्याच्या धावपटूस पायावर भार देताना हळूहळू वाढत जाणारी वेदना मांडीच्या हाडाच्या मानेस गेलेल्या सूक्ष्म तड्यामुळे असू शकते. ती दुर्लक्षिली गेल्यास हाड पूर्णपणे मोडण्याचा संभव असतो. वाढत्या वयाच्या मुलांत स्नायू तुटण्याऐवजी हाडाचा तुकडाच उखडून येतो. ताप असून मांडी सरळ करवत नसेल, तर सोअस स्नायूतील गळूचा विचार करावाच लागतो. मणक्यांच्या क्षयरोगात असे गळू होते, ही गोष्ट आपल्या देशात विसरून चालणार नाही. अशा रुग्णास विलंब न लावता डॉक्टरांकडे पाठविले पाहिजे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. वेदना थांबल्यावरही दुखापत पुन्हा का होते? तुटलेल्या जागी प्रथम दाह होतो, पुढे काही दिवसांत व्रणऊती तयार होते आणि नव्या स्नायुतंतूंची वाढ सुरू होते. या ऊतीची रचना पक्की होण्यास मात्र कित्येक आठवडे लागतात. दाह शमला की वेदना शमते. पण त्या वेळी व्रण अद्याप कोवळाच असतो. वेदनेचे आणि बलाचे वेळापत्रक एक नसते, हे या दुखापतीचे मर्म होय.

यावर दीर्घ विश्रांती हा उपाय आहे काय? १९७० च्या दशकात फिनलंडमध्ये मार्क्कू यार्विनेन यांनी उंदरांच्या स्नायूंवर प्रयोग केले. अल्पकाळ स्थिर ठेवल्यानंतर हालचाल सुरू केलेल्या स्नायूंची घडण, दीर्घकाळ बांधून ठेवलेल्या स्नायूंपेक्षा सरस असल्याचे त्यांतून दिसून आले. मांडी आत ओढणाऱ्या शेजारच्या स्नायूंच्या जुनाट दुखण्यासंबंधी पेर होल्मिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी डेन्मार्कमध्ये केलेला अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातही केवळ निष्क्रिय उपचारांपेक्षा सक्रिय व्यायामाचा गुण स्पष्टपणे अधिक आढळला. तात्पर्य, कोवळ्या व्रणास अतिभार जसा घातक, तसाच भाराचा संपूर्ण अभावही हानिकारक होय.

उपचारांचा क्रम यावरूनच ठरतो. पहिले दोन-तीन दिवस वेदना वाढविणाऱ्या हालचाली टाळाव्यात, पावले लहान टाकावीत आणि लंगडावे लागत असल्यास कुबडीचा आधार घ्यावा. बर्फाने वेदना कमी होते. त्याने स्नायू लवकर जुळतो असे मात्र नाही. जांघ आखडल्यासारखी वाटते म्हणून या अवस्थेत ती जोराने ताणणे किंवा रगडून मालीश करणे अनिष्ट होय. त्यानंतर बसून तळहाताने मांडी खाली दाबावी आणि मांडीने हातास विरोध करावा. यात सांधा न हलता स्नायूस काम मिळते. ते सुसह्य झाले की रबरी पट्ट्याच्या विरोधात मांडी उचलावी आणि विशेषतः ती सावकाश खाली आणावी, कारण लांबत असताना भार पेलण्याची क्षमताच मूळ प्रसंगी अपुरी पडलेली असते. पोटाच्या व नितंबाच्या स्नायूंचे व्यायाम जोडीस असावेत. मग सरळ धावणे, वेगाने धावणे, वळणे आणि अखेरीस पकडीतून सुटण्याचा सराव, असा क्रम ठेवावा. व्यायामाने झालेली किंचित वेदना दुसऱ्या सकाळपर्यंत ओसरली नाही, तर एक पायरी मागे यावे.

खेळाडूस परत पाठविण्याचा निर्णय दिनदर्शिकेवरून करू नये. उताणे निजवून निरोगी बाजूचा गुडघा छातीशी धरला असता दुसरी मांडी वेदनेवाचून फळीला टेकली पाहिजे. लिव्हरपूलचे अस्थिवैद्य ह्यू ओवेन थॉमस (१८३४-१८९१) यांच्या नावाने ओळखली जाणारी ही परीक्षा मुळात खुब्याच्या रोगासाठी असली, तरी येथेही उपयोगी पडते. विरोधाविरुद्ध मांडी उचलण्याचे बल दोन्ही बाजूंस जवळजवळ सारखे असले पाहिजे. आणि पूर्ण वेगाच्या सरावानंतर दुसऱ्या दिवशीही जांघ शांत राहिली पाहिजे. या तिन्ही कसोट्यांस उतरल्यावाचून खेळाडूस चढाईस पाठवू नये. ‘आता दुखत नाही’ हे त्याचे म्हणणे खरे असते; पण त्याने केवळ पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळते. दुसऱ्याचे उत्तर मिळविणे हे प्रशिक्षकाचे आणि परीक्षकाचे कर्तव्य आहे.