इराण्याच्या हॉटेलात घटकाभर

मंडळी, दोन दिवसांसाठी मुंबईला जाल तेव्हा राणीचा बाग पाहालच. पण एक सकाळची न्याहारी धोबीतलावच्या कयानी अँड कंपनीत करा. बोरीबंदरावरून पायी जाता येते. दुकान १९०४ सालचे. वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, चौकडीच्या कापडावर काच. ब्रुन-मस्का मागवा. ब्रुन म्हणजे कडक कवचाचा पाव. त्याच्याशी दातांनी झुंजू नका, चहात बुडवा.

‘यात ऐतिहासिक ते काय?’ असे मुले विचारतील. गुरुजी, त्यांना सांगा, की त्या काळी कितीतरी खानावळी जातवार होत्या. अस्पृश्याला चहा मिळालाच तर दाराबाहेर, निराळ्या कपात. इराणी पडला परदेशातून आलेला, बहुधा झरतुष्ट्री. गिऱ्हाइकाची जात तो सहसा विचारीत नसे. सगळे इराणी साधुसंत होते असे नव्हे, धंदा तो धंदाच! पण कारकून नि हमाल एका छपराखाली चहा पिऊ लागले. हॉटेलात मज्जाव नसावा हा हक्क १९५० साली राज्यघटनेच्या १५व्या कलमाने दिला. अस्पृश्य म्हणून अडवणे १९५५च्या कायद्याने गुन्हा ठरले.

गर्दीत तुमच्याच टेबलाशी कुणी अनोळखी येऊन बसेल. खुर्ची जरा सरकवून घ्या.