खाडीचं मीठ आणि माळव्याचं तळं

गोड्या पाण्यातली मोठी कोळंबी बहुतेक आयुष्य नदीत काढते, पण तिचं पिल्लू गोड्या पाण्यात जगत नाही! पोटाखाली नारिंगी अंड्यांचा पुंजका घेऊन मादी खाडीकडे उतरते. विसेक दिवसांत अंडी करडी पडून फुटतात. बाहेर आलेला जीव उताणा, शेपटी पुढे करून पोहतो. त्याला समुद्राच्या साधारण एक-तृतीयांश खारं पाणी लागतं. नाही मिळालं तर काही दिवसांतच तो मरतो. मिळालं तर ११ अवस्था पार करून इवलीशी कोळंबी तयार होते आणि उलट्या प्रवाहातून पुन्हा नदी चढू लागते. वाटेत धार जोराची असेल, तर ओल्या खडकांवरून चालत जाते.

पिल्लं का मरतात, हे मिठाचं कोडं १९६१ साली मलेशियातल्या पेनांगमध्ये शाओ-वेन लिंग यांनी सोडवलं. समुद्रापासून दूरच्या तळ्यांतही कोळंबी वाढवता येऊ लागली ती त्यामुळेच.

नर्मदेच्या मुखाशी, भडोचकडे, ही कोळंबी सापडते. पण तिथून मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्याच्या कुक्षीकडे यायचं तर सरदार सरोवर धरण आडवं येतं. देवास जिल्ह्यातल्या नेमावरला पोचायचं तर ओंकारेश्वर आणि इंदिरा सागर ही धरणंही. म्हणून इथे कोळंबीचं बीज, म्हणजे इवली पिल्लं, हॅचरीतूनच आणावं लागतं. ऑक्सिजन भरलेली पिशवी आधी तळ्यात तरंगत ठेवायची, दोन्ही पाण्यांचं तापमान जुळू द्यायचं, मग तळ्याचं पाणी थोडं थोडं आत घ्यायचं. घाई केली की बीज गेलंच.

देवासमध्ये २००६ साली जिल्हाधिकारी उमाकांत उमराव यांनी शेततळ्यांची मोहीम उभी केली. त्या तळ्यांना नाव मिळालं रेवासागर. अशी तळी पावसाळ्यात भरतात आणि रब्बीला उपसली जातात. कोळंबीला थंडी सोसत नाही. आषाढात सोडलेली कोळंबी मार्गशीर्षापर्यंत काढता आली, तर तिचं आणि गव्हाचं वेळापत्रक जुळतं. सगळ्या कोळंब्या सारख्या वाढत नाहीत. लांब निळ्या नांग्यांचे दांडगे नर इतरांची वाढ रोखतात. ते जाळ्याने वेळीच वेचले की मागचे भराभर वाढतात. हे काम रोज तळ्याकाठी असणाऱ्याचं आहे.

म्हणून इथल्या आदिवासी भिल्ल-भिलाला वस्त्यांत कोळंबी न्यायची, तर तळ्याचा हक्कही वस्तीकडेच हवा. मध्य प्रदेशच्या २०२२च्या पेसा (अनुसूचित भागांतल्या पंचायतींच्या कायद्याच्या) नियमांनी अनुसूचित, म्हणजे आदिवासी, भागातल्या ग्रामसभांना गावतळ्यांच्या व्यवस्थापनाचा अधिकार दिला आहे. धारचा मोठा भाग त्यात येतो. असा हक्क वस्तीने चालवल्याचं उदाहरणही आहे: पुणे जिल्ह्यातल्या डिंभे जलाशयात धरणामुळे विस्थापित झालेल्या आदिवासींनी सहकारी संस्था काढून मासेमारी स्वतःच्या हाती घेतली. त्यांच्यासोबत काम करणाऱ्या ‘शाश्वत’ संस्थेला २०१२चा इक्वेटर पुरस्कार मिळाला.

कोळंबीचा जन्म खाडीच्या मिठावर अवलंबून आहे, तो धारला हलवता येणार नाही. मात्र आणलेलं बीज जगवणारी छोटी संगोपन-तळी गावातच, ग्रामसभेच्या ताब्यात असू शकतात. सुरुवात तिथूनच व्हावी.